तिसऱ्या घंटेपूर्वीचे काम : मुंबईची रंगभूमी आणि आपले कारागीर

शनिवारच्या मराठी वृत्तपत्रातील नाटकांच्या जाहिरातींचे पान आम्ही गेली अनेक वर्षे बाजारभावाच्या पानाइतक्याच बारकाईने वाचत आलो आहोत. कोणत्या नाट्यगृहात कोणते नाटक आहे, ऐतिहासिक आहे की घरगुती, नवे आहे की शंभरी ओलांडलेले, एवढे कळले की कापडाच्या व्यापाऱ्याला बरेच काही कळते. नवे नाटक म्हणजे नवे पोशाख, नवे पडदे, नवे नेपथ्य. जुन्या नाटकाला दुरुस्तीचे काम लागते, आणि बंद पडलेल्या नाटकाचा माल गोदामात जातो.

मुंबईइतकी भाषांची आणि प्रकारांची नाटके एकाच शहरात होणे ही साधी गोष्ट नाही. आमच्या अंधेरीपासून हिशेब करावा. विलेपार्ल्याचे दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह आणि बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह ही मराठी नाटकांची उपनगरातील मोठी ठिकाणे. मुलुंडला कालिदास आहे. घाटकोपरच्या झवेरबेन सभागृहाचे नाव गुजराती प्रेक्षकांच्या तोंडी असते. जुहूच्या पृथ्वी थिएटरात हिंदी, उर्दू, इंग्रजी असे सर्व काही होते. मुन्शी नगरच्या भवन्स संकुलात संगीत आणि नाटकाचे कार्यक्रम होतात. वर्सोव्याच्या आरामनगरात जुन्या बैठ्या घरांच्या खोल्या काळ्या रंगवून तरुण मंडळी पन्नास-साठ प्रेक्षकांपुढे नाटक करतात. २०१४ साली वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि पूर्व उपनगरातील प्रेक्षकाला रविवारी संध्याकाळी इकडे येणे सोपे झाले.

हे सारे व्यापाराच्या पानावर कशासाठी, असे कोणी विचारील. नाटक पाहावे की न पाहावे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. परंतु पडदा वर जातो तेव्हा प्रेक्षकाला दिसणारी जवळजवळ प्रत्येक वस्तू कोणा कारागिराच्या हातची असते. शिंपी, जरीवाला, रंगारी, सुतार, वेल्डर, चांभार यांच्या कामावर रंगभूमी उभी आहे, आणि या कामात आपल्या समाजाचे हात जुने आणि पुष्कळ आहेत. त्या हातांना दाम मिळतो का, मान मिळतो का आणि पुढच्या पिढीत हा हुनर टिकेल का, हा प्रश्न रोजीचा आहे. म्हणून त्याची चर्चा येथे.

विविधता आजची नाही

मुंबईची रंगभूमी सुरुवातीपासूनच अनेक भाषांची होती. जगन्नाथ शंकरशेट यांच्या जागेवर ग्रँट रोडचे नाट्यगृह १८४६ साली सुरू झाले. तेथे इंग्रजी नाटके होत. १८५३ मध्ये पारशी मंडळींनी रुस्तम-सोहराबच्या कथेवर नाटक केले. सांगलीत १८४३ साली 'सीतास्वयंवर' करून मराठी रंगभूमीचा पाया घालणारे विष्णुदास भावे आपली मंडळी घेऊन मुंबईत आले आणि १८५४ मध्ये त्यांनी 'राजा गोपीचंद' हे नाटक हिंदुस्थानी भाषेत केले. मराठी माणसाने मुंबईत येऊन हिंदुस्थानीत नाटक करावे, यातच या शहराच्या बाजाराची समज दिसते. गिऱ्हाईक जी भाषा समजते ती बोलावी लागते.

१८६८ मध्ये व्हिक्टोरिया नाटक मंडळी निघाली. १८७१ साली पारशी रंगभूमीवर 'सोने के मोल की खुरशेद' हे उर्दू नाटक आले. त्यानंतर पारशी मालकांच्या कंपन्यांनी पुढची पन्नास-साठ वर्षे उर्दू नाटके देशभर नेली. पैसा पारशी शेठचा, लेखणी उर्दू मुन्शीची, आणि प्रेक्षक सर्व जातिधर्मांचा, अशी ती व्यवस्था होती. आम्ही उर्दू शाळेत शिकलो. आमच्या पिढीला नाटक म्हटले की आगा हश्र काश्मीरी यांचे नाव प्रथम आठवते. बनारसचे हे गृहस्थ (१८७९-१९३५) मुंबईच्या नाटक कंपन्यांसाठी लिहून मोठे झाले. १८९२ साली गोव्याच्या कोकणी 'तियात्र'चा पहिला प्रयोगही मुंबईतच झाला. कोकणी लोक येथे नोकरी-धंद्यासाठी आले होते, आणि त्यांच्या मागोमाग त्यांचे नाटकही आले.

मराठी संगीत नाटकातही आपल्या उस्तादांचा वाटा होता. बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत तबल्यावर उस्ताद अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष होते. बालगंधर्व तर कापडवाल्यांनी लक्षात ठेवावे असे नाव. खोटी जर, खोटे रेशीम त्यांना चालत नसे. ते रंगमंचावर खरे शालू आणि खऱ्या पैठण्या नेसत, आणि त्यांच्या नेसण्याची, दागिन्यांची नक्कल पुण्या-मुंबईच्या घरंदाज बायका करीत. रंगमंचावर जे दिसले ते दुकानात मागितले गेले. या हौसेपायी त्यांच्या कंपनीवर कर्जही झाले हे खरे. एका माणसाच्या हौसेने येवल्याच्या विणकराचे आणि मुंबईच्या कापडबाजाराचे किती काम चालले असेल याचा अंदाज वाचकांनी करावा.

पुढे १९४३ मध्ये मुंबईत 'इप्टा'ची स्थापना झाली. १९४४ मध्ये पृथ्वीराज कपूर यांनी आपली फिरती नाटक कंपनी काढली. 'दीवार' आणि 'पठाण' ही त्या कंपनीची नाटके फाळणीच्या दिवसांतही हिंदू-मुसलमान सलोख्याची बाजू घेऊन उभी राहिली. प्रयोग संपला की पृथ्वीराज स्वतः दाराशी झोळी पसरून उभे राहत आणि जमलेला पैसा चांगल्या कामाला देत. बार्शीचे मेहबूब पटेल 'शाहीर अमर शेख' म्हणून महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचले तेही याच काळात. त्यांच्या रंगमंचाला मखमल लागली नाही. कामगारांच्या चाळीपुढचे पटांगण आणि एक डफ त्यांना पुरे होता.

तात्पर्य, मुंबईत नाटकाचा एकच बाजार कधी नव्हता. अनेक बाजार शेजारी-शेजारी होते आणि आजही आहेत.

नाट्यगृह पाहून कापड द्यावे

आमच्या धंद्यातील बरेच लोक येथे चुकतात. 'नाटकासाठी कापड पाहिजे' असे गिऱ्हाइकाने सांगितले की चकचकीत माल काढून पुढे टाकतात. पहिला प्रश्न 'कोणत्या नाट्यगृहासाठी' हा असला पाहिजे.

मोठ्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेतील प्रेक्षक नटापासून सत्तर-ऐंशी फुटांवर बसलेला असतो. त्याला बारीक जरदोजी दिसत नाही. त्याला रंग दिसतो, कापडाचा झोक दिसतो आणि मोठा काठ दिसतो. तेथे हाताच्या बारीक कामावर पैसा घालवणे म्हणजे निर्मात्याचे नुकसान करणे. तेथे रुंद पट्टीची जर आणि ठळक बुट्टी पाहिजे.

पृथ्वी थिएटर याच्या उलट. शशी आणि जेनिफर कपूर यांनी १९७८ साली उभारलेल्या या नाट्यगृहात सुमारे दोनशे खुर्च्या आहेत आणि प्रेक्षक रंगमंचाच्या तिन्ही बाजूंना बसतात. पहिल्या रांगेतील माणसाच्या पायापासून नट दोन हातांवर असतो. येथे अंगरख्याची पाठ दिसते, बगलेची शिवण दिसते, टाचणी लावलेली असेल तर तीही दिसते. वर्सोव्याच्या छोट्या खोल्यांत तर याहूनही जवळून पाहतात. अशा ठिकाणी मशीनचे काम हाताचे म्हणून खपत नाही. तेथे साधे सुती कापड, पण नीट शिवलेले, हेच शोभते.

तिसरी तऱ्हा नरिमन पॉइंटच्या एनसीपीएची. तेथे टाटा थिएटर (१९८०), तीनशे खुर्च्यांचे एक्सपेरिमेंटल थिएटर (१९८६) आणि सुमारे अकराशे खुर्च्यांचे जमशेद भाभा थिएटर (१९९९) अशी निरनिराळी नाट्यगृहे एकाच आवारात आहेत. टाटा थिएटरची रचना आवाज ध्वनिक्षेपकाशिवाय पोहोचावा अशी केली आहे. अशा ठिकाणी कडक टाफेटा किंवा खळ दिलेले कापड चालताना जो आवाज करते तोही ऐकू जातो. नटाच्या कॉलरला माइक लावलेला असेल तेथेही हीच अडचण. आम्ही अशा कामासाठी नेहमी मऊ, धुतलेले कापड सुचवतो.

अंधेरीत मालिकांचे स्टुडिओ जवळ असल्यामुळे आपले बरेचसे शिंपी त्या कामाला सरावलेले आहेत. तेथील पोशाख एका प्रसंगापुरता असतो, आणि मागून पिना लावून कॅमेऱ्यापुढे तो चालूनही जातो. नाटकाचा पोशाख शंभर-दोनशे प्रयोग टिकावा लागतो. त्यात नट घामाने भिजतो, धावतो, पडतो, आणि दोन प्रवेशांच्या मध्ये अर्ध्या मिनिटात कपडे बदलतो. म्हणून आत दाब भरपूर ठेवावा, कारण नट बदलला की पोशाख सैल करावा लागतो. बगलेत जादा तुकडा घालावा. समोर दिसायला काजबटण असले तरी आत प्रेसबटण किंवा चिकटपट्टी द्यावी. या गोष्टी शिवणाऱ्याला ठाऊक असल्या तर त्याचे काम दुसऱ्या दिवशी परत येत नाही.

प्रकाशात कापड बदलते

दुकानातील ट्यूबलाइटखाली पसंत केलेले कापड रंगमंचावर ओळखू येत नाही, हा अनुभव या धंद्यातील प्रत्येकाला आहे. हिरव्या कापडावर तांबडा प्रकाश पडला की ते काळपट दिसते. शुभ्र पांढरे कापड दिव्यांखाली इतके चमकते की नटाचा चेहरा त्यापुढे फिका पडतो. म्हणून जाणते लोक पांढरे कापड चहाच्या पाण्यातून काढून त्याची धार मारतात. प्रेक्षकाला ते पांढरेच वाटते. सॅटिनवर दिव्याचा झोत पडला की डोळ्यांना टोचतो. विंगेच्या आणि मागच्या काळ्या पडद्यांना सुती कापड घ्यावे, कारण सूत प्रकाश पिऊन टाकते आणि पॉलिएस्टर तो परत फेकते. स्वस्त काळा रंग दिव्यांच्या उष्णतेने वर्षभरात तांबूस पडतो, हेही गिऱ्हाइकाला आधी सांगावे.

दर्शनी पडद्याचा हिशेब नव्या व्यापाऱ्यांसाठी येथे देतो. समजा, रंगमंचाचे तोंड ४० फूट रुंद आणि २० फूट उंच आहे. पडदा मधून दोन्हीकडे सरकणारा आहे. दोन भाग मध्ये एकमेकांवर यावेत म्हणून प्रत्येक भाग २२ फुटांचा धरावा. चुण्या चांगल्या पडण्यासाठी कापड दुप्पट लागते, म्हणजे प्रत्येक बाजूला ४४ फूट. ५४ इंच पन्ह्याच्या मखमलीचे दहा पट्टे जोडले की ४५ फूट होतात. त्यातील एक फूट शिवणीत जातो. प्रत्येक पट्टा वरची पट्टी आणि खालची दुमड धरून २१ फूट, म्हणजे ६.४ मीटर. दोन्ही बाजूंचे मिळून २० पट्टे, एकूण १२८ मीटर. अस्तर वेगळे. आणि सर्वांत महत्त्वाचे, वीसही पट्ट्यांची लव एकाच दिशेला पाहिजे. एक पट्टा जरी उलटा लागला तरी दिवे लागताच तो निराळ्या रंगाचा दिसतो. कापड एकाच रंगणीचे पाहिजे हे वेगळे सांगायला नको.

आगीची गोष्ट

कापडाच्या व्यापाऱ्याने नाट्यगृहाला माल देताना दराआधी आगीचा विचार केला पाहिजे. कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत भस्मसात झाले. शाहू महाराजांनी शंभर वर्षांपूर्वी उभारलेली ती वास्तू होती. ज्या केशवरावांचे नाव त्या वास्तूला होते त्यांची जयंती दुसऱ्याच दिवशी होती. याच केशवरावांनी १९२१ साली मुंबईच्या बालीवाला थिएटरात बालगंधर्वांबरोबर टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' केले होते. कोल्हापूरचेच बाबुराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवता-रंगवता पुढे चित्रपटाकडे वळले. एवढ्या आठवणींची जागा एका रात्रीत गेली.

नाट्यगृहात लाकूड, कापड, रंग, विजेच्या तारा आणि तापलेले दिवे एकाच ठिकाणी असतात. पडद्याच्या कापडावर आग रोखणारी प्रक्रिया दोन प्रकारे होते. एकात कापड तयार झाल्यावर क्षारांच्या द्रावणातून काढतात. हे स्वस्त पडते, पण कापड धुतले की क्षार निघून जातात आणि प्रक्रिया पुन्हा करावी लागते. दुसऱ्यात धागाच मुळात आग न धरणारा असतो. ते महाग पडते, पण धुण्याने गुण जात नाही. आम्ही असे पाहिले आहे की पहिल्या प्रकारचा माल दुसऱ्या प्रकारचा म्हणून खपवला जातो आणि घेणाऱ्याला तीन वर्षे पत्ताही लागत नाही. ही नुसती मापात मारणे नव्हे. हजार माणसे त्या पडद्यासमोर बसणार असतात. बिलावर कोणती प्रक्रिया, केव्हा केली आणि पुन्हा केव्हा करावी लागेल हे स्पष्ट लिहून देणे ही व्यापाऱ्याची जबाबदारी आहे.

दर्जाचे काय?

विविधतेबद्दल जेवढे चांगले बोलावे तेवढे दर्जाबद्दल सरसकट बोलता येत नाही. तोच सोफा, तोच प्लायवूडचा जिना, दार आपटले की हलणारी भिंत, आणि विनोद संपण्याआधीच वाजणारे ध्वनिमुद्रित संगीत, अशी नाटकेही आम्ही पुष्कळ पाहिली. तिकिटावर मालिकेतील नटाचे नाव असते आणि नटाला संवाद पाठ नसतात. असा माल गाजावाजाने पंचवीस प्रयोग खपतो, पुढे खपत नाही.

दर्जा खर्चावर ठरतो असेही नाही. याची दोन उदाहरणे एकाच दिग्दर्शकाची आहेत. फिरोज अब्बास खान यांनी १९९२ साली 'तुम्हारी अमृता' हे नाटक केले. अमेरिकन लेखक गर्नी यांच्या नाटकावरून जावेद सिद्दीकी यांनी ते उर्दूत उतरवले. रंगमंचावर नेपथ्य म्हणावे असे काही नाही. शबाना आझमी आणि फारुख शेख बसून एकमेकांची पत्रे वाचतात, बस्स. फारुख शेख यांचे डिसेंबर २०१३ मध्ये निधन झाले. तोवर वीस वर्षांहून अधिक काळ देशात-परदेशात लोक ते पाहत राहिले. त्याच फिरोज खान यांनी २०१६ साली जमशेद भाभा थिएटरात 'मुगल-ए-आझम' उभे केले. त्याला पाचशेहून अधिक पोशाख लागले आणि त्यावर कितीतरी कारागिरांचे हात चालले. पहिल्यात भाषा आणि तलफ्फुज शुद्ध होते, दुसऱ्यात रंग, जर आणि घेर शुद्ध होते. दोन्ही ठिकाणी मालात भेसळ नव्हती, म्हणून दोन्ही चालली.

मराठीत 'वस्त्रहरण' घ्या. गंगाराम गवाणकर यांचे हे मालवणी नाटक १९८० साली आले आणि मच्छिंद्र कांबळी यांनी गाजवलेल्या या नाटकाचे पाच हजारांहून अधिक प्रयोग झाले. खेड्यातील हौशी मंडळींच्या नाटकाची फजिती दाखवणारे ते नाटक. त्यातील पोशाख मुद्दामच ओबडधोबड, पण ते कोकणातल्या गावचे वाटतात, भाड्याने आणलेले वाटत नाहीत. ओबडधोबड दाखवण्यालाही जाणकारी लागते.

आता जे सांगायचे ते आमच्या कारागीर बंधूंना थोडे लागेल. रंगमंचावर मुसलमान पात्र येते तेव्हा त्याच्या खांद्यावर हिरवा रुमाल, कमरेला चौकटीची लुंगी आणि डोळ्यांत सुरमा असतो. रत्नागिरीचा कोकणी मुसलमान, मालेगावचा विणकर, मराठवाड्याचा जहागीरदार आणि मदनपुऱ्याचा मास्तर हे चौघेही एकाच वेषात दिसतात. मिर्झा गालिब (१७९७-१८६९) यांच्यावर नाटक असेल तर त्यांना शेरवानी घालतात. खरे पाहता शेरवानीचा चलनी काळ नंतरचा. गालिबच्या दिल्लीत अंगरखा होता, चोगा होता, कबा होती. शरारा आणि गरारा यांतील फरक तर विचारूच नये. गराऱ्याला गुडघ्याशी गोट लावून खाली घेर जोडतात, शरारा वरपासून सैल उतरतो, हे आपल्या घरातील कोणतीही वयस्कर बाई सांगील.

दिग्दर्शक दुसऱ्या वातावरणातून आलेला असतो, त्याला हे ठाऊक असेलच असे नाही. परंतु ते कपडे शिवतो कोण? बहुधा आपलाच माणूस. त्याला ठाऊक असते आणि तरीही तो बोलत नाही. 'शेठने सांगितले तसे शिवले' म्हणून मजुरी घेऊन मोकळा होतो. आमचे म्हणणे असे की, येथे त्याने आपल्या हुनराचा अर्धा भाग फुकट घालवला. सुई चालवणारे शेकडो मिळतात. कोणत्या काळात, कोणत्या प्रांतात, कोणत्या घरात काय घातले जात होते हे जाणून सुई चालवणारे थोडे आहेत, आणि त्यांनाच पोशाख-सल्लागाराचा दाम मिळतो. जो बोलत नाही त्याचा समाज रंगमंचावर हिरव्या रुमालातच दिसत राहणार.

पैशाची बाजू

या धंद्याची घडी समजून घेतली पाहिजे. मराठी व्यावसायिक नाटकात नटापासून पडदा ओढणाऱ्यापर्यंत बहुतेकांचा मेहनताना 'नाईट'वर असतो. प्रयोग झाला तर पैसे, न झाला तर नाही. गुजराती रंगभूमी बऱ्याच अंशी मंडळांच्या ठोक बुकिंगवर चालते. एखादे मंडळ आपल्या सभासदांसाठी पूर्ण प्रयोग विकत घेते. त्यामुळे तेथे निर्मात्याला पैशाचा अंदाज आधी येतो. प्रायोगिक मंडळींकडे पैसा थोडा आणि वेळ त्याहून थोडा असतो.

निर्मात्याचा खर्च पडदा वर जाण्याआधी होतो आणि पैसा मात्र प्रयोगागणिक परत येतो. म्हणून कापडवाल्याची आणि शिंप्याची उधारी निर्मात्याच्या नशिबाला बांधलेली असते. आमच्या परिचयातील एका शिंप्याने चाळीस पोशाख निम्म्या पैशांवर दिले. नाटक पंधराव्या प्रयोगाला बंद पडले आणि बाकीचे निम्मे पैसे आजतागायत आलेले नाहीत. कागदावर काही नव्हते, त्यामुळे मागायला आधारही नव्हता.

मार्च २०२० मध्ये महामारीमुळे नाट्यगृहे बंद झाली. मधले थोडे महिने सोडले तर २२ ऑक्टोबर २०२१ पर्यंत महाराष्ट्रात नाटकाचा धंदा जवळजवळ ठप्प होता. उघडल्यानंतरही प्रथम निम्म्या खुर्च्यांचीच परवानगी होती. नाईटवर जगणाऱ्या पडद्यामागच्या माणसांना त्या काळात रिक्षा चालवावी लागली, भाजी विकावी लागली. त्यातील काही परतलेच नाहीत. परळचे १९२२ सालचे दामोदर नाट्यगृह २०२३ मध्ये पुनर्बांधणीसाठी बंद झाले, तेव्हा नाट्यकर्मींनी विरोध का केला ते यावरून कळेल. एक नाट्यगृह बंद झाले की त्याबरोबर कित्येक घरांच्या नाईट बुडतात. शिवाय पाठीमागे कापडी देखाव्याऐवजी एलईडीचा पडदा लावण्याची चाल आली आहे, आणि देखावे रंगवणाऱ्या रंगाऱ्यांची कामे त्यामुळे कमी झाली आहेत.

तरीही हा बाजार संपलेला नाही. प्रशांत दामले यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये आपला १२,५०० वा प्रयोग केला. एका नटाचे एवढे प्रयोग होतात याचा अर्थ प्रेक्षक आहे आणि तिकीट काढून येतो आहे.

आपल्या बंधूंनी काय करावे

व्यापारी आणि कारागीर बंधूंसाठी आमच्या अनुभवातून आलेल्या काही सूचना येथे मांडतो.

एक, कापड देण्यापूर्वी किंवा कात्री लावण्यापूर्वी त्या नाट्यगृहात जाऊन एक प्रयोग शेवटच्या रांगेतून आणि एक पहिल्या रांगेतून पाहावा. दोन तिकिटांचा खर्च पुढे अनेक पटींनी वाचतो.

दोन, नमुन्याचा तुकडा दिग्दर्शकाबरोबर दिव्यांखाली धरून पाहावा आणि त्याच तुकड्यावर दोघांच्या सह्या घ्याव्यात.

तीन, हिशेब लेखी असावा. किती पोशाख, कोणते कापड, तालमीसाठी केव्हा, अंतिम केव्हा, निम्मे पैसे आधी, चौथा हिस्सा रंगीत तालमीला आणि उरलेले ठरावीक तारखेला. 'प्रयोग लागले की देतो' हे वाक्य कागदावर येऊ देऊ नये.

चार, दुरुस्तीचे काम वेगळे ठरवावे. दर पंचवीस प्रयोगांनी धुणे, रफू, बटणे आणि दाब उसवून पुन्हा शिवणे यांचा दर आधीच बांधून घ्यावा. नव्या कामापेक्षा हे उत्पन्न अधिक भरवशाचे असते.

पाच, आपल्या घरात जुने कपडे असतील तर ते फेकू नयेत. आजीचा गरारा, आजोबांचा अंगरखा, कोकणातील जुनी ओढणी यांचे माप आणि शिवणीची पद्धत उतरवून ठेवावी, फोटो काढावेत. उद्या एखादा दिग्दर्शक ऐतिहासिक नाटक घेऊन आला तर ही वही कोणत्याही दुकानापेक्षा मोठी पुंजी ठरेल.

सहा, वेळ पाळावी. नाटकात तीन घंटा होतात. तिसऱ्या घंटेनंतर पृथ्वीसारख्या ठिकाणी उशिरा आलेल्या प्रेक्षकालाही आत सोडत नाहीत. लग्नाचा सूट दोन तास उशिरा गेला तरी नवरदेव थांबतो. नाटकाचा पोशाख दोन तास उशिरा गेला तर त्याची किंमत शून्य. आमच्या लोकांबद्दल या बाबतीत जी तक्रार ऐकू येते ती खोटी आहे असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. हुनर आहे, पण दिलेल्या शब्दाची वेळ टळते, असे लोक म्हणतात. हा डाग आपणच धुवायचा आहे.

तरुणांनी या कामाकडे केवळ मजुरी म्हणून पाहू नये. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात आणि मुंबई विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात रंगभूमीचे रीतसर शिक्षण मिळते. उस्तादाच्या हाताखाली दहा वर्षे काढलेल्या शिंप्याच्या मुलाने तेथील शिक्षण घेतले तर घरची विद्या आणि शाळेची विद्या एकत्र येतील. आज पोशाख-आरेखन करणारे बहुतेक कागदावर चित्र काढतात आणि ते कपड्यात कसे उतरेल हे आपल्या मास्तरांना विचारतात. चित्र आणि कपडा दोन्ही ज्याच्या हातात आहेत त्याला मुंबईच्या पाचही-सहाही भाषांच्या रंगभूमीवर काम आहे.

मुंबईच्या नाटकाला विविधता येथे येऊन राहिलेल्या माणसांनी दिली. त्याचा दर्जा मात्र दर प्रयोगाला नव्याने सिद्ध करावा लागतो, आणि त्यातील मोठा वाटा ज्यांचे नाव जाहिरातीत येत नाही अशा माणसांचा असतो. त्या माणसांत आपले भाऊ आहेत. त्यांनी आपले काम चोख करावे, बिलावर खरे लिहावे, वेळेवर पोहोचवावे आणि जे ठाऊक आहे ते बोलून दाखवावे. बाजार अशा माणसाला सोडत नाही.